विहिरीच्या धन्याचं नाव

"पति का नाम?" बाबूने पुन्हा विचारलं, आणि सरूने पदर तोंडावर आणखी ओढला.

मी तिच्या मागेच उभी होते. विहिरींच्या बांधकामाची सरकारी मदत त्या दिवशी बुऱ्हाणपुरात, शनवारा दरवाज्याजवळच्या धर्मशाळेत वाटणार होते. म्हणून फोपनारहून आमच्या बैलगाडीत मी तिला घेऊन आले होते. शेजारीण ती माझी, आणि गप्प उभं राहणं काही माझ्या स्वभावात नाही.

"भाईदास! भाईदास नाव हाय तिच्या मालकाचं," मी म्हणाले.

"तुम चुप रहो, अम्मा. पिछले गाँव में किसी की मदद कोई और ले गया. ये खुद बोलेंगी."

अम्मा म्हणे! मेल्याचे केस माझ्याहून पांढरे. आधीचे नंदकुमार बाबू असते तर त्यांनीच नाव वाचलं असतं आणि बाईने नुसती मान हलवली असती. आमच्या बायांची रीत त्यांना ठाऊक होती. पण राज्यं बदलली. ते तिकडे मुंबई राज्यात गेले, आमची गावं इकडे हिंदी मुलखात राहिली, आणि कागद या कचेरीतून त्या कचेरीत फिरत बसले.

भाईदास त्याच कागदांची वाट बघत होता. विहिरीला पाणी लागलं होतं, आतून दगडाने बांधायची तेवढी राहिली होती. "मदत आली का लगेच बांधतो," म्हणायचा. भादव्यात गाळ काढायला उतरला आणि ओली कड त्याच्या अंगावर आली. मदत वेळेवर आली असती तर माणूस आज जिता असता. हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन.

आता मृग तोंडावर आला होता. बांधकाम झालं नाही तर उरलेली विहीरही बुजणार, आणि सरूची केळी तिच्याच पाण्यावर.

"बोल ना व माय," मी तिला कोपराने ढोसलं. "नाही तं हे बी हातचं जाईन."

"कसं बोलू गोदाबाय? त्यांचं आयुष्य..." ती मध्येच थांबली.

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे आम्हाला आयांनी दुधाबरोबर पाजलेलं. सरू तर फार जपायची. आम्ही बाया चेष्टेत कितीदा तिच्याकडून नाव काढून घ्यायला बघायचो, पण 'मंगलाचे बाबा'च्या पुढे ती कधी गेली नाही.

"उखाण्यात घे मंग," मी म्हणाले, आणि जीभ चावली. उखाणा सवाशिणीने घ्यायचा. जळो माझं तोंड!

बाबूने तिचा कागद बाजूला ठेवला. "अगला."

"भाईदास," सरू म्हणाली.

"ज़ोर से बोलो, बाई. सुनाई नहीं दिया."

"भाईदास!"

अख्ख्या ओसरीने ऐकलं. रांगेतल्या बाया खाली बघायला लागल्या. बाबूने अंगठा घेतला, मदत हातात दिली. माणूस वाईट नव्हता, त्याने तिच्यासाठी पाणीही मागवलं. सरूने ते घेतलं नाही. पदराने ओठ पुसत राहिली.

परतताना तिचा मळा आला तशी ती गाडी हाकणाऱ्या आमच्या ह्यांना म्हणाली, "भाऊ, थांबवा जरा." उतरून विहिरीकडे निघाली. जीव देते का काय, म्हणून मी मागे धावले. पण ती ढासळलेल्या कडेपासून लांबच बसली होती.

"घेतलं बरं मी तुमचं नाव," ती विहिरीला म्हणाली. "चारचौघात घेतलं. आता काय व्हणार हाय तुमाले?"

मला रडूच कोसळलं. तिकडे गाडीजवळ हे उठून उभे राहिले होते, बैल घराच्या ओढीने पाय आपटत होते.

"काय झालं व?" ह्यांनी हाक दिली.

"अहो, थांबा जरा," मी म्हणाले, आणि सरूच्या शेजारी बसले.