रोस्दीचा टाका

रोस्दीने गाडीची नवी सीट उलटी करून टेबलावर ठेवली, कव्हरच्या कडेखाली बोट सरकवलं आणि मांडी टेकते तिथल्या कोपऱ्यात पोचताच त्याचं बोट जागीच थांबलं.

"काय झालं, अबाह?"

त्याच्या मुलीने, इझ्यानने, गाडीच्या आतून विचारलं. जुन्या सीटचे बोल्ट सैल करायला ती गाडीत पालथी शिरली होती, दारातून तिचे नुसते मोजे दिसत होते.

"काही नाही. धूळ आहे."

धूळ कसली! सीट लख्ख होती. त्या कोपऱ्यात मशीनची सुई पोचत नाही, तिथे हाताने शिवावं लागतं. शेवटचा टाका घातला की दोरा तीन टाके मागे आणायचा, गाठ मारायची आणि ती कापडाच्या दुमडीत ढकलून द्यायची, ही सवय रोस्दीला त्याच्या उस्तादाने लावली होती. उस्ताद मलेशियातल्या इपोह शहरात थिएटरांतल्या खुर्च्या शिवायचा. त्याला जाऊन वीस वर्षं झाली. असा टाका घालणारं आता दुसरं कोणी रोस्दीच्या माहितीत नव्हतं, आणि ही सीट जिथली म्हणून विकली होती त्या जपानमधल्या कारखान्यात असं कोणी असण्याचं काही कारणच नव्हतं.

त्याने दुसरी सीट उलटी केली. तिथेही तेच.

गाडी इझ्यानची होती. जुनी, जपानी, दोन माणसांची, जमिनीला टेकेल इतकी बुटकी. इझ्यान रबरी हातमोज्यांच्या कारखान्यात माल तपासायचं काम करते, आणि तपासायची ही खोड ती घरीही सोडत नाही. सीट निवडायला तिने आठ महिने घेतले होते. "एवढा वेळ लोक जावई निवडायला घेत नाहीत," असं कमसिया, तिची आई, जेवताना रोज एकदा तरी म्हणायची. गाडीची मूळ सीट झिजली होती, ब्रेक दाबला की पाठ मागेपुढे डुलायची. पुढच्या महिन्यात इझ्यान पहिल्यांदा सेपांगच्या शर्यतीच्या ट्रॅकवर जाणार होती. तिथे डुलणारी सीट नको, एकसंध कवचाची हवी, आणि तीही परीक्षा पास झालेली हवी, एवढं तिचं ठरलेलं होतं. नकली मालाचा बाजारात सुळसुळाट आहे हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने शिक्का पाहिला, स्पर्धा-संघटनेचं चकचकीत लेबल पाहिलं, त्यावरचा क्रमांक संघटनेच्या यादीत शोधला. तो सापडला. मग जोहोरला जाऊन ती ही जोडी घेऊन आली.

ते लेबल रोस्दीनेच शिवलेलं होतं.

तीन वर्षांपूर्वी जोफ्री नावाचा एक माणूस कोरी कवचं टेम्पोत घालून आणायचा. रोस्दीने त्यांवर फोम चिकटवायचा, कव्हर चढवायचं आणि शेवटी पाकिटातून आलेली लेबलं लावायची. "प्रदर्शनाच्या गाड्यांसाठी आहे, पाक," जोफ्री वडीलधाऱ्याशी बोलावं तसं म्हणायचा, "चालवत कोणी नाही." कवचाच्या बाजूला जिथे बोल्ट बसतो, तिथे आत पोलादी पट्टी असायला हवी. या कवचांत नुसते वॉशर चिकटवलेले होते. रोस्दीने ते पाहिलं होतं आणि त्यावर फोम चिकटवला होता. बरं, तेव्हा घरात चूल पेटत नव्हती अशातलाही भाग नव्हता. खरं सांगायचं तर त्याला ते काम आवडायचं. जन्मभर त्याने टॅक्स्यांच्या आणि शाळेच्या बसच्या सीटा शिवल्या. आपल्या शिलाईवर जपानमधलं एवढं मोठं नाव शोभून दिसतं, हे पाहून त्याची छाती फुगायची. एकदा तर त्याने तयार सीट उन्हात ठेवून तिचा फोटोही काढला होता.

इझ्यान गाडीतून बाहेर आली. कोपराला वंगण लागलं होतं.

"जुनी सुटली. आता ही धरा, आत ठेवू."

"थांब जरा," रोस्दी म्हणाला. "ही उंच होईल. हेल्मेट घातलंस की डोकं छताला लागेल."

"खालच्या भोकांत बसवली की नाही लागत. चार बोटं राहतात. मोजलंय मी."

"पट्टा नीट बसणार नाही."

"गाडीचा मूळचा पट्टाच वापरणार आहे. छताखाली लोखंडी पिंजरा नाही, मग खांद्यावरून दोन पट्टे बांधून काय करू? गाडी उलटून छत चेपलं तर मान मोडून घेऊ? तुम्हालाच तर सांगितलं होतं मी हे. तुम्ही मान डोलावली होतीत."

"कंबर धरेल तुझी. रोज कारखान्यात जायचं या सीटवर म्हणजे..."

"अबाह, तीन दिवस मी हिच्यावर बसून भात खाल्लाय. आईला विचारा." ती हसली, मग हसायची थांबली. "तुम्हाला झालंय काय? काल तर म्हणालात, चांगली निवडलीस."

काल त्याने सीट लांबून पाहिली होती. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली.

रोस्दीने हातातलं फडकं घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं. मग त्याने आवाज चढवला. हा आवाज तो सहसा काढत नसे.

"मला नाही आवडली. माझ्या दुकानात मी ही बसवणार नाही. जुनीचीच पाठ मी दुरुस्त करून देतो, घट्ट करून देतो. झालं."

इझ्यान बघत राहिली. सत्ताविसाव्या वर्षी बापाशी भांडायचं की नाही, याचा हिशेब तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. शेवटी तिने पाना टेबलावर ठेवला.

"बरं. तुमचा हात लागल्याशिवाय मला नाहीच बसवायची." तिने खिशातून फोन काढला. "शाहमी कधीचा मागे लागलाय. त्याला देऊन टाकते."

रोस्दीच्या जिवात जीव आला होता तो तिथल्या तिथे निघून गेला.

शाहमी म्हणजे तिच्या गाड्यांच्या क्लबातला दोस्त. दर शनिवारी याच दुकानात येऊन बसायचा, "पाक, तुमच्या हातचा चहा म्हणजे औषध आहे, कडू पण लागू पडतं," म्हणून तीन पेले रिचवायचा. गेल्या रायाला, म्हणजे ईदला, बायकोला घेऊन आला होता. वानी. लाजरी मुलगी. गाडीतून उतरताना तिला शाहमीने हात दिला होता, कारण सहावा महिना चालू होता.

"दोन्ही घेणार तो?" रोस्दीने विचारलं.

"जोडीच हवीय त्याला. एक वानीला." ती टाइप करत होती. "आज संध्याकाळीच येईल बघा उड्या मारत."

"पाठवू नकोस."

"का?"

रोस्दी फळीकडे गेला, उरलेल्या कापडाचा एक तुकडा घेतला, दोऱ्याला मेण लावलं आणि वाकडी सुई ओवली. मग टेबलाशी बसून त्याने चार बोटं रुंदीची शिवण घातली, दोरा तीन टाके मागे आणला, गाठ मारली आणि अंगठ्याने दुमडीत ढकलली. इझ्यान फोन हातात घेऊन उभी होती. बाप मधेच शिवायला का बसला, हे तिला कळेना.

त्याने पात्याने सीटच्या कोपऱ्यातलं कापड थोडं उलगडलं आणि तो तुकडा त्याच्याशेजारी ठेवला.

इझ्यान वाकली. दोन्हींकडे पाहिलं. कारखान्यात ती दिवसभर हेच करते, दोन वस्तू शेजारी ठेवून बघते. तिला फार वेळ लागला नाही.

"तुम्ही शिवलीय?"

"हो."

"आणि लेबल?"

"तेही मीच."

ती स्टुलावर बसली. रस्त्यावरून केळ्याच्या भज्यांची गाडी घंटी वाजवत गेली.

"आत काय आहे?"

"बोल्टमागे पट्टी नाही. नुसता वॉशर आहे. जोरात आदळली तर कवच बोल्टासकट फाटून येईल."

"तुम्हाला माहीत होतं हे?"

"जोफ्री म्हणायचा, प्रदर्शनाच्या गाड्यांत लावतात."

"तुमचा विश्वास बसला?"

हो म्हणणं सोपं होतं. तिनेही ते ऐकून घेतलं असतं, कदाचित तिला तेच ऐकायचं होतं.

"नाही," रोस्दी म्हणाला.

इझ्यानने डोळे मिटले. ती रडेल असं त्याला वाटलं, शिव्या देईल असंही वाटलं, आणि दोन्हींची त्याने मनाची तयारी केली. पण तिने डोळे उघडले तेव्हा तिचा आवाज कारखान्यातला होता.

"किती?"

"मोजल्या नाहीत मी."

"अबाह."

"दीडशे. दोनशेही असतील. दीड वर्षं चाललं होतं ते."

"कुठे गेल्या?"

"सगळीकडे."

आमच्याकडे एका हातमोज्याला भोक सापडलं तर सगळी पेटी परत मागवतात, असं काहीसं ती पुटपुटली. मग तिने क्लबाचा ग्रुप उघडला. उत्तरेच्या कांगारपासून दक्षिणेच्या जोहोरपर्यंतची हजारेक माणसं होती त्यात. निम्म्यांना तिने कधी पाहिलंही नव्हतं.

"मी लिहिते," ती म्हणाली. "नुसतं लिहिते, या नमुन्याच्या सीटा नकली निघाल्यात, वापरू नका. तुमचं नाव घालत नाही."

रोस्दीने मान डोलावली. त्याला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लगेच लाजही वाटली. ती लिहीत होती. लिहून झालं, तिने पाठवलं. पलीकडून पटापट उत्तरं यायला लागली. तिने ती मोठ्याने वाचून दाखवली.

"'दर आठवड्याला कोणीतरी हेच बोंबलतं.' ... 'स्वतःची विकली जात नाही म्हणून आमच्या सीटांना नावं ठेवतेस होय!' ... हा शाहमी. 'इझ्यान, किंमत पाडायला निघालीस का माझ्यासाठी? तू थोर आहेस.'" तिने वर पाहिलं. "आणि हा एकजण विचारतोय, ओळखायची कशी? लेबल तर बरोबर आहे."

ओळखायची कशी हे सांगू शकेल असा एकच माणूस होता आणि तो तिच्यासमोर मूग गिळून बसला होता.

या दुकानाच्या पाटीवर रोस्दीचं नाव होतं. मेंगलेंबूतल्या मशिदीच्या गालिच्यांची किनारही त्यानेच फुकट शिवून दिली होती, आणि लोक त्याला वाटेत थांबवून सलाम करायचे. कमसिया बाजारात जायची तेव्हा तिला 'रोस्दीची बायको' म्हणून भाजी निवडून मिळायची. हे सगळं त्याच्या मनात एकदम आलं. मग शाहमीच्या आधाराने गाडीतून उतरणारी वानी आली, आणि तिच्यामागे कधी न पाहिलेली माणसं आली, एकामागोमाग एक, सीटवर बसून पट्टा ओढणारी.

त्याने हात पुढे केला.

"बोलून पाठवायचं कसं असतं?"

"अबाह, तुम्ही..."

"कुठे दाबायचं ते सांग."

तिने दाखवलं. रोस्दीने फोन तोंडासमोर धरला, पार जवळ, म्हाताऱ्या माणसांसारखा.

"अस्सलामु अलैकुम. मी रोस्दी बिन जाफर. इपोहजवळ मेंगलेंबूला माझं कुशनचं दुकान आहे. माझ्या मुलीने जे लिहिलं ते खरं आहे. त्या सीटा मी शिवल्यात. लेबलंही मीच लावलीत." अंगठा त्याने उचलला नाही. मग हळूहळू, एखाद्या नव्या कारागिराला शिकवावं तसं त्याने सगळं सांगितलं: सीट कशी उलटी करायची, कोणत्या कोपऱ्यात बोट घालायचं, काय हाताला लागतं. "तसं लागलं तर त्या सीटवर कोणाला बसवू नका. माझ्याकडे आणा. जिच्यात पट्टी असेल अशी शोधून देईन, नाहीतर तुमची जुनी ठीक करून देईन. मला माफ करा."

मघापासून टिवटिव करणारी हजार माणसं एकदम कुठे गेली कोण जाणे. शाहमीने ऐकल्याची खूण आली.

मग एक अनोळखी नाव उमटलं. बातू पाहात गावचा कोणी आझरुल. इझ्यानने आधी मनातच वाचलं आणि फोन छातीशी धरला.

"वाच," रोस्दी म्हणाला.

"राहू दे ना आता."

"वाच, इझ्यान."

तिने वाचलं. "'पाक, माझ्या धाकट्या भावाच्या गाडीत अशीच जोडी होती. अपघातात त्याला जाऊन चौदा महिने झाले. आई गाडी भंगारात देऊ देत नाही, मागच्या अंगणात ताडपत्री घालून ठेवली आहे. आता जाऊन बघतो.'"

त्या नावापुढे नंतर काहीच आलं नाही. इझ्यानने फोन टेबलावर ठेवला आणि तो पालथा करायला हात पुढे केला. रोस्दीने तिचं मनगट धरलं.

"असू दे," तो म्हणाला, आणि स्टूल ओढून फोनसमोर बसला. "त्याला बघून येऊ दे."