चाचणीची फेरी

थोरल्या नातीचं लग्न ठरून मोडलं त्या वर्षी, एका सकाळी, म्हातारी ठेवणीतले कपडे घालून उंबऱ्याशी तयार बसली होती.

"गोट्या, गाडी पुसलीस का रे?"

"पुसली गं आई. दोनदा पुसली."

"मग काचेवर तो डाग कसला?"

"तो तुझ्या चष्म्यावर आहे."

आत सून फस्सकन हसली. लग्न मोडल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं.

गोट्या पन्नाशीचा बाप्या. सहलींच्या कंपनीत ड्रायव्हर. कंपनी ज्याच्या त्याच्या मापाची सहल बेतून द्यायची. नव्या जोडप्यांना एकांत, फोटोच्या नादिष्टांना पहाट, लेकुरवाळ्यांना जागोजाग थांबे. आता नवी सहल निघाली होती, 'आईसाठी'. मुलांनी परदेशातून पैसे भरायचे आणि कंपनीनं त्यांच्या आईला फुलासारखं नेऊन आणायचं. गाडीची एक सीट बाहेर वळणारी करून घेतली होती, मागे चाकांची खुर्ची होती, उशा होत्या. सहल विकायला काढण्याआधी एक फेरी करून बघायची होती आणि त्या फेरीसाठी चालता न येणारी एखादी म्हातारी हवी होती. गोट्यानं लाजत लाजत आईचं नाव सुचवलं.

त्याला कारण होतं. त्यानं जन्मभर परक्यांना डोंगरातल्या तळ्यावर नेलं, पण घरच्या माणसाला गाडीत बसवायचं नाही असा कंपनीचा कायदा. आणि म्हातारीचं माहेर त्याच तळ्याच्या तळाशी होतं. ती लग्न होऊन आली, मागून धरण झालं, गाव उठलं, भाऊ चहूकडे पांगले. पाणी चढलेलं तिनं कधी पाहिलंच नव्हतं. "एकदा बघू दे रे," ती म्हणायची, "नुसतं काठावरून."

वाटेत कंपनीच्या मॅडम आणि फोटोवाला गाडीत चढले. मॅडम जरा जरा वेळानं मागे वळून विचारायच्या.

"आजी, उशी बरोबर आहे ना?"

"उशी बरोबर आहे बाई. मान बरोबर नाही."

मान तिची कधीचीच आखडली होती. जेवढं समोर येईल तेवढंच तिला दिसे.

गाडी वर थांबे. तिथून झाडीतून एक उतार खाली कठड्यापर्यंत जाई आणि कठड्याशी पोचल्यावरच तळं दिसे. खुर्ची उताराला लावायची तर उलटी न्यायची, म्हणजे माणूस पुढे कलंडत नाही. गोट्याला तसं शिकवलं होतं. त्यानं आईला पाठमोरी, एकेक पाऊल मागे घेत, अलगद खाली आणलं. म्हातारीचं तोंड डोंगराकडे, पाणी पाठीशी.

तो खुर्ची वळवणार, तोच फोटोवाला ओरडला, "अहो, राहू द्या तशीच! पाणी मागे, आजी पुढे. झकास! आजी, हसा जरा."

"कशाला?"

"आनंद झालाय ना?"

"अजून कुठला? आधी बघू तर द्या मेल्यांनो!"

सगळे हसले. म्हातारीही हसली. तोच फोटो त्यानं टिपला.

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. कुणा बड्या पाहुण्यांचं विमान लवकर उतरलं होतं, गाडी तिकडे हवी होती.

"चला दादा. चाचणी छान झाली."

"मॅडम, आईला जरा वळवतो."

"दादा, ते लोक तिथे उभे आहेत. आजींना परत कधीतरी आणू ना."

नाही म्हणायची सवय गोट्याला नोकरीनं लागू दिली नव्हती. त्यानं ब्रेक काढला. चढाला खुर्ची सरळ जाते. म्हातारीचं तोंड पुन्हा डोंगराकडेच.

"गोट्या, पाणी कुठाय रे?"

"मागे आहे आई. परत येऊ आपण."

तिनं चाकाला हात लावला. मग काढून घेतला.

घरी आल्यावर सुनेनं विचारलं, "पाहिलंत का सासूबाई माहेर?"

"डोंगर पाहिला," म्हातारी म्हणाली. "हे कपडे नीट घडी करून ठेव गं. परत जायचंय."

'आईसाठी' सहल धडाक्यात चालली. गाडीच्या दारावर म्हातारीचा हसरा फोटो लागला. गोट्या रोज सकाळी तो फडक्यानं पुसायचा. दोन फेऱ्यांच्या मध्ये आईला न्यायला तासभर तरी गाडी द्या, असं त्यानं एकदा मॅडमना विचारलं.

"आजींची झाली ना ट्रिप?" मॅडम दाराकडे बोट करून म्हणाल्या. "हा काय, फोटो आहे की."

ओळखीच्या एकाची गाडी मागून आणली, तर तिच्यात आईची घरची चाकांची खुर्ची जाईना. म्हातारी दोनदा कपडे घालून बसली, दोनदा बदलून आत गेली. पुढे तिनं विचारणंच सोडलं.

येणारे पाहुणे दारावरचा फोटो न्याहाळून म्हणायचे, "काय समाधान आहे हो चेहऱ्यावर! कोण या?"

"होत्या एक पाहुण्या," गोट्या सांगायचा.

खाली कठड्याशी मात्र तो कुणाचं काही ऐकून घ्यायचा नाही. खुर्ची आधी पाण्याकडे वळवायची, मग फोटो. एक बाई कंटाळून म्हणाली, "पुरे रे बाबा, पाणीच तर आहे. ऊन लागतंय."

"बघून घ्या आई," तो म्हणाला आणि खुर्ची धरून तसाच उभा राहिला.

त्याच हंगामात, एका मंगळवारी दुपारी, त्याची आई घरी वारली. तो तळ्यावर होता.