न्हाणीतला कोपरा

खुटबावच्या हौसरावाचं नाव ठेवणाऱ्यानं पुढचा विचार करूनच ठेवलं असावं. एखादी हौस डोक्यात शिरली की ती पुरी होईपर्यंत हा माणूस ना स्वतः बसे, ना दुसऱ्याला बसू देई. त्या वर्षी त्याच्या डोक्यात न्हाणी शिरली. दौंडला रेल्वेच्या कुणा साहेबाच्या बंगल्यावर तो पेरूच्या पाट्या पोचवायला गेला होता. तिथल्या नोकरानं त्याला हात धुवायला आत नेलं, आणि आत त्यानं निळी कपाटं पाहिली. न्हाणीत कपाटं! तीही मोरासारखी निळी, पितळी मुठींची, आत साबण, तेलाच्या बाटल्या आणि घड्या घातलेले टॉवेल. हात धुतले की नाही हे त्याला घरी आल्यावर आठवेना, पण कपाटाचं दार कसं उघडतं आणि मिटताना कसा आवाज करतं ते त्यानं चुलीपुढं उभं राहून तोंडानं करून दाखवलं.

"आपल्याला तसलीच करायची," तो म्हणाला. "खाली फरशी, भिंतीला तोटी, आन् निळी कपाटं."

"आन् त्या कपाटात ठिवायचं काय? शिककाई, का पाय घासायची वजरी?" त्याची बायको सरूबाई हसत म्हणाली.

ती हसली ते तेवढंच. कारण पुढं हौसराव म्हणाला, "समदी न्हाणी खणून काढायची. खालची कुजकी माती उपसायची, मुरूम भरायचा, मग फरशी."

त्या न्हाणीच्या आतल्या कोपऱ्यात, एका सपाट दगडाखाली, तिच्या लेकाची, केरबाची, वार पुरलेली होती. मूल झालं की त्याच्यामागून पडणारी वार गाडग्यात घालायची, हळदकुंकू वाहायचं आणि न्हाणीत पुरायची, म्हणजे बाळंतिणीच्या अंगावरचं पाणी तिच्यावर पडत राहतं. ती जागा सुकू द्यायची नाही आणि हलवायची तर मुळीच नाही. "वार हलली की लेकरू हललं," असं झुंबरबाई सुईण सांगायची. झुंबरबाईनं सांगितलेलं खोटं की खरं हे कुणी पडताळून बघत नसे. पोटच्या लेकरावर कोण पडताळा घेईल?

आणि सरूबाईनं तर केरबाच्या आधी दोन गमावली होती. पहिली पोर, दुसरा पोरगा, दोघंही धड बसायला लागायच्या आत गेली. केरबा झाला तेव्हा झुंबरबाईनं त्याला उकिरड्यावर केरात लोळवला होता आणि तिथनंच उचलून आणून नाव ठेवलं होतं, म्हणजे मरणाला वाटावं की हा टाकून दिलेला माल आहे. मरण फसलं. केरबा पाच वर्षांचा झाला, झाडावर चढू लागला, शिव्या देऊ लागला. तरी सरूबाईचा जीव कधी थाऱ्यावर नसे. तो जरा शिंकला तरी ती न्हाणीत जाऊन त्या दगडावर तांब्याभर पाणी ओतून यायची.

संपत गवंडी कामाला आला त्या दिवशी तिनं नवऱ्याला बाजूला घेतलं.

"अवो, तेवढा आतला कोपरा सोडा. तिथं केरबाची वार हाय."

हौसराव खदाखदा हसला. वर मोठ्यानं ओरडला, "ऐक रं संपत, न्हाणीत वार हाय म्हन! अगं, पाच वर्सांत माती झाली तिची. कोपरा सोडून फरशी बसवू व्हय? लोक थुकतील तोंडावर."

संपतही हसला. मालक हसला की हसावं लागतं. सरूबाई पदर तोंडाला लावून आत गेली. तिला राग आला नव्हता, तिला भ्या वाटत होतं. आतून, हाडांतून वाटत होतं.

काम दारापासून सुरू झालं. संपतची पहार एकेक दगड उचकटत आत सरकू लागली. ती दगडावर वाजली की सरूबाईच्या हातातली भाकरी तव्याऐवजी चुलीत पडायची. तिकडं पडवीत केडगावचा मीरासाहेब मिस्त्री कपाटं करत बसला होता. दारांना निळा रंग लागला तशी अख्ख्या घराला रंगाची आणि तेलाची घाण सुटली, आणि गावातली माणसं कपाटं बघायला येऊ लागली. कुणी दार उघडून आत डोकं घाले, कुणी विचारी, "आप्पा, अंघूळ ह्यातच बसून करायची का?" हौसराव पान चघळत उत्तरं देई. त्याच्याएवढा सुखी माणूस त्या आठवड्यात तालुक्यात नसेल.

शनिवारी सरूबाई केरबाला घेऊन मारुतीला तेल घालायला गेली. देवाला ती काय बोलली ते सांगायला नको. परत आली तर सांजेला पोराचं अंग तापलं.

ती पहिल्यांदा धावली ती न्हाणीकडं. खणलेल्या मातीतून वाट काढत आत गेली. संपतचं काम अजून अर्ध्यावरच होतं. कोपरा होता तसा होता, दगड जागच्या जागी होता. तिनं त्यावर हात ठेवला, डोकं ठेवलं. म्हणजे हा साधा ताप. आला तसा जाईल. तेवढ्या एका दगडाच्या आधारानं तिनं रात्र काढली.

पण ताप गेला नाही. दुसऱ्या दिवशी पोर ग्लानीत पडलं, तिसऱ्या दिवशी त्याच्या छातीत घरघर वाजू लागली. सरूबाईनं काढा दिला, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. "गाडी जुपा, केडगावला डाक्टरला दावू," असं ती नवऱ्याला पुन्हा पुन्हा म्हणाली. दर खेपेला तो "बघू" म्हणे आणि उठून जाई. तिला वाटलं, ह्याचा जीव कपाटात अडकलाय. तिनं मनातल्या मनात त्याला आणि त्याच्या कपाटांना आग लावली.

मग मीरासाहेब कामावरून उठून आतल्या दाराशी आला. भला माणूस, कधी वर मान करून बोलायचा नाही.

"वैनी, पोराची घरघर मला पडवीत ऐकू येती. थांबू नका. आन् आप्पांस्नी काय झालंय? मूठ कुठल्या अंगाला लावू म्हनून इचारलं, तर म्हनले, कुठंबी लाव."

कुठंबी लाव! हे ऐकलं आणि सरूबाईनं हातातली पट्टी खाली ठेवली. त्या मुठींसाठी हौसरावानं पुण्याच्या दोन खेपा केल्या होत्या. म्हणजे ह्याचा जीव कपाटात नव्हताच. मग होता कुठं?

केरबाजवळ शेजारणीला बसवून ती गोठ्यात गेली. हौसराव गव्हाणीला टेकून जमिनीवर बसला होता. भर दुपारी, डोक्याला मुंडासं नाही, आणि बैल त्याच्या खांद्याला हुंगत उभे.

"गाडी जुपा म्हनलं न्हवं?" ती ओरडली.

"काय उपेग न्हाई, सरू."

"का न्हाई?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. "म्या हलवलं त्ये."

"काय हलवलं?"

"कोपऱ्यातलं गाडगं. संपतम्होरं हसलो खरा, पर रातभर डोळा लागला न्हाई. म्हनलं, त्येची पहार त्यावर बसाय नगं. तुमी देवळात गेलता तवा म्याच काढलं आन् मागल्या अंगाला लिंबोणीखाली पुरलं. दगूड परत तसाच ठिवला, तुला कळू ने म्हनून." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आन् त्याच सांजंला ताप आला. डाक्टर काय करंल आता? म्याच मारलं पोराला."

इतके दिवस जो दगड सरूबाईनं घट्ट धरला होता त्याच्याखाली काहीच नव्हतं. तिला वाटलं, ह्याच्या डोक्यात आता काहीतरी घालावं. मग वाटलं, इथंच खाली बसावं आणि रडावं. झुंबरबाई बोलली होती ते घडलं होतं. लेकरू हललं होतं.

आणि तेवढ्यात तिला नवऱ्याचा चेहरा दिसला. असा चेहरा तिनं त्याचा दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा तो हातात फावडं घेऊन ओढ्याकडनं परत आला होता तेव्हा. ह्या माणसानं केरबाला मनात पुरून टाकलं होतं. आता हा गाडी जुपणार नव्हता, आणि ते बैल तिच्यानं आवरत नव्हते. पोर आत घरघरत होतं.

"तुमाला कुनी सांगितलं ती केरबाची वार म्हनून?" ती म्हणाली.

हौसरावानं मान वर केली. "तूच की."

"मी खोटं बोलले. ती पयल्या पोरीची वार." शब्द तोंडातून कसे निघाले तिचं तिलाच कळेना, पण निघाले, आणि एकामागून एक येत राहिले. "केरबाच्या वक्ताला झुंबरबाईच म्हनली, ह्या जाग्यानं दोन खाल्ली, तिसऱ्याची हितं नगं. त्येची मळ्यात पुरली, पाटाच्या कडंला. तिथं बारमाही वल हाय. कुनी हात लावला न्हाई तिला."

"मग कोपरा सोडा म्हनून रडत का व्हतीस?"

एवढं विचारील असं तिला वाटलं नव्हतं. मग तिचं तोंड वाकडं झालं आणि ती म्हणाली, "मेली म्हनून ती माझी पोर न्हवती व्हय?"

हे मात्र खोटं नव्हतं. म्हणूनच बाकीचं सगळं त्याच्या आधारानं उभं राहिलं. हौसराव तिच्या तोंडाकडं बघत राहिला, आणि मग असा उठला की बैल बिचकले. जू बैलांच्या मानेवर पडायच्या आत तो ओरडत होता, "घोंगडी आन! पोराला गुंडाळ! मीरासाहेब, गाडीत कडबा टाक!"

केडगावपर्यंत हौसरावानं बैलांना श्वास घेऊ दिला नाही. सरूबाई मागं पोराला मांडीवर घेऊन बसली होती. नवऱ्याच्या पाठीवरून भीती उतरलेली तिला दिसत होती. तो बैलांना शिव्या देत होता, वाटेतल्या गाड्यांना हटवत होता, पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. ती भीती आता सगळीच्या सगळी तिच्याकडं आली होती, आणि वाटून घ्यायला कुणी नव्हतं. मळ्यात पाटाच्या कडेला काहीही पुरलेलं नव्हतं. जे होतं ते लिंबोणीखाली, कोरड्या मातीत. गाडीचं चाक दगडावर चढलं की ती पोराच्या नाकाशी बोट धरायची.

डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि कपाळाला आठी घातली. न्यूमोनिया म्हणाला. सुई टोचली, पोराला तिथंच ठेवून घेतलं आणि हौसरावाला म्हणाला, "एवढे दिवस काय करत होता? उद्या आणला असता तर मी हात लावला नसता."

हौसराव खाली मान घालून उभा राहिला. सरूबाईनं सगळ्या सुया मोजल्यासारख्या बघितल्या आणि एकीवरही तिचा विश्वास बसला नाही. ती डोळे मिटून लिंबोणीखालच्या मातीची माफी मागत होती. पण सुयांनी आपलं काम केलं. एका सकाळी केरबानं घामानं भिजलेली घोंगडी लाथेनं उडवली आणि भाकरी मागितली. वर आईला एक शिवीही दिली. सरूबाई हुंदके देत हसली.

घरी येईपर्यंत संपतनं मुरूम भरून फरशी बसवली होती, आणि मीरासाहेबानं निळी कपाटं भिंतीला ठोकली होती. मुठी त्यानं स्वतःच्या मतानं लावल्या होत्या, आणि बरोबर लावल्या होत्या. उरली होती फक्त मोरीची नाली. संपतनं ती रस्त्याच्या अंगाला आखली होती, कारण उतार तिकडं होता.

"तिकडं नगं," हौसराव म्हणाला. "मागं काढ. लिंबोणीकडं."

"आप्पा, मागं चढ हाय. पानी उलटं चढंल का?"

"मग खोल खण."

"लई खणावं लागंल. आन् एका लिंबोणीसाठी—"

"तू हो बाजूला," हौसराव म्हणाला आणि त्यानं संपतच्या हातातली कुदळ घेतली.

सरूबाई दारात उभी होती. नवऱ्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. तो खाली वाकून घाव घालत होता, घामानं सदरा पाठीला चिकटला होता. पहिल्या पोरीची वार, मेलेल्या पोरीची, तिला पाणी कशाला लागतं? हे त्यानं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. गोठ्यात त्यानं तिचं बोलणं किती खरं धरलं होतं, हे तिला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आता विचारायचं धाडस होत नव्हतं. विचारलं तर दोघांनाही पुन्हा भ्यावं लागलं असतं. ती आत गेली, घमेलं घेऊन आली आणि त्यानं खणलेली माती उपसू लागली.

नाली पुरी झाली त्या दिवशी तिनं केरबाला नव्या फरशीवर बसवलं. तो निळ्या कपाटाचं दार उघडमीट करत होता. तिनं त्याच्या डोक्यावर ऊन पाण्याचा तांब्या ओतला, मग दुसरा, मग तिसरा. पाणी फिरत फिरत मोरीत गेलं. हौसराव मागल्या अंगाला लिंबोणीपाशी उकिडवा बसला होता.

"पोचलं का?" तिनं आतून विचारलं.

तिनं तांब्या पुन्हा भरून घेतला.

"अजून वत," हौसराव म्हणाला.