किनाऱ्यावरचा नंबर

भाईंदरजवळच्या चौक गावच्या मच्छीमार सोसायटीचे एकेचाळीस अर्ज मी भरले आणि एकेचाळीसही चुकवले. अक्षर मात्र सुरेख आहे, असं सगळे म्हणाले.

चौतीस वर्षं मी माझगावच्या एका कंपनीत होतो. जहाजांचे रेडिओ, रडार, पाण्याची खोली मोजायची यंत्रं तिथे दुरुस्त व्हायची. दुरुस्ती करणारे वेगळे. मी मागच्या खोलीत बसून यंत्रांबरोबर येणाऱ्या पुस्तिका सांभाळायचो, त्यांना क्रमांक द्यायचो आणि कोणी मागितलं तर हवं ते पान काढून द्यायचो. जहाजावर पाय ठेवला तो दोनदाच, दोन्ही वेळा जहाज धक्क्याला बांधलेलं होतं. समुद्राबद्दल मला जे कळतं ते छापलेलं कळतं. निवृत्तीनंतर भाईंदरला जेसल पार्कच्या दोन खोल्यांत पुस्तकं आणि मी असे राहतो.

जुलैत समिधाचा फोन आला. ही माझ्या जुन्या सहकाऱ्याची मुलगी, सोसायटीच्या कार्यालयात काम करते. "काका, बोटींना संकटात संदेश पाठवायची यंत्रं मिळालीत. पुस्तिका इंग्रजीत आहे, अर्ज किचकट आहे आणि इथे कोणाला वेळ नाही. तुम्ही याल?"

मी गेलो. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता.

यंत्र म्हणजे एक पिवळा डबा, वर अँटेना. त्यावर चार बटणं होती: आग, बोटीत पाणी, माणूस पडला, आजारी. बटण दाबलं की संदेश उपग्रहामार्गे किनाऱ्यावरच्या नियंत्रण कक्षात जातो. तिथला माणूस आधी अर्जावरच्या संपर्क क्रमांकावर फोन करतो. बोट खरंच बाहेर आहे का, माणसं किती, जवळपास दुसरी बोट कोणती, हे विचारतो. हे सगळं मी बोटमालकांना मराठीत समजावून सांगितलं. मग प्रत्येकाला विचारलं, "संपर्क क्रमांक?" प्रत्येकाने स्वतःचा मोबाइल नंबर सांगितला. मी लिहून घेतला.

नारळी पौर्णिमेला चार दिवस राहिले असताना घरी बसून पुस्तिका पुन्हा वाचत होतो. सतराव्या पानावर, तळाला, बारीक टाइपात एक ओळ होती: संपर्क क्रमांक किनाऱ्यावर राहणाऱ्या व्यक्तीचा असावा.

ही ओळ मी यापूर्वी तीनदा वाचली होती.

एकेचाळीस मालक, आणि सगळे स्वतःच बोट चालवणारे. त्यांचे एकेचाळीस फोन त्यांच्याबरोबर जिथे रेंज पोचत नाही तिथे जाणार. संकट आलं तर नियंत्रण कक्ष त्याच माणसाला फोन लावणार जो संकटात आहे. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि समिधाला फोन लावला.

समिधा म्हणाली, "काका, ते सगळं ऑनलाइन चढलंय. आता बदल करायचा तर जुन्या नंबरवर ओटीपी येणार. माणूस फोनसकट समोर पाहिजे."

"सगळ्यांना बोलावू या?"

"पौर्णिमेच्या तोंडावर? जाळी भरतायत, बर्फ भरतायत. तुम्हीच फिरा त्यांच्या मागे."

मी फिरलो. तीन दिवस सकाळी बस, दुपारी बस. मालक सापडला तर फोन घरी, फोन सापडला तर बॅटरी संपलेली, दोन्ही सापडले तर संकेतस्थळावर एक गोल फिरत राहायचा. ओटीपी यायचा तेव्हा पान बंद पडलेलं असायचं. एकाने मला विचारलं, "काका, तुमी शिकलेले ना? मंग पयल्यांदाच बरोबर का न्हाय लिवला?" तरी तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चाळीस नंबर बदलून झाले. कोणाच्या बायकोचा दिला, कोणाच्या आईचा, कोणाच्या वहिनीचा.

राहिला नाथा.

नाथा बोटीच्या नाकाडावर रंगाचा शेवटचा हात मारत होता. त्याची बायको सुलू खाली वाळूत बसून जाळ्याचे बोये मोजत होती. सुलूताईंना मी ओळखत होतो. सकाळी त्या आमच्या जेसल पार्कच्या नाक्यावर मासळीची पाटी घेऊन बसतात. मी मासे खात नाही, त्यामुळे ओळख मान हलवण्यापुरती.

"नाथाभाऊ, तुमचा नंबर बदलायला हवा."

"का? चालू हाय. कालच रिचार्ज मारलाय."

"चालू आहे, पण तो तुमच्याबरोबर बोटीवर जाणार."

"मंग? बोट माजी, यंत्र बोटीवर, फोन बोटीवर. सगला एका जागी बरा ना?"

तीन दिवसांचा वैताग माझ्या तोंडून बाहेर पडला. "अहो, बोट बुडाली तर सगळंच एका जागी बुडेल!"

नाथाचा ब्रश थांबला. शेजारच्या बोटीवर दोर ओढणारे दोघे माझ्याकडे पाहू लागले. बोटीजवळ तो शब्द कोणी तोंडातून काढत नाही, तेही पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. हे कुठल्याही पुस्तिकेत नव्हतं.

"काकांची जीभ घसरली रे," सुलूताई म्हणाल्या. "भल्यासाठीच बोलतात ते. लिवा काका, माजा नंबर लिवा." त्या आकडे सांगू लागल्या. मी वहीत लिहू लागलो. सात आकडे झाले.

"बस!" नाथा वरून ओरडला. "त्या कागदावर बायकोचा नंबर न्हाय जानार. तिला सरकारचा फोन येनार तो कसला निरोप घेऊन येनार? सांगा!"

"माजा नंबर अख्ख्या भाईंदरकडं हाय," सुलूताई म्हणाल्या. "बाया सकाल-संध्याकाल इचारतात, पापलेट आला का, हलवा आला का. तवा न्हाय तुला काय झाला?"

"गिऱ्हाईक येगला, सरकार येगला. ओटीपी माज्या फोनवर येनार ना? मी न्हाय देनार. जावा काका, रंग ओला हाय."

मला वाद घालता येत नाही. मी वही मिटली. सुलूताईंना बाजूला घेऊन उरलेले तीन आकडे विचारायचे, एवढंही त्या वेळी सुचलं नाही. बसमध्ये सुचलं.

कार्यालयात पोचल्यावर समिधाने नाथाचा अर्ज उघडला. पर्यायी क्रमांकाची जागा रिकामी होती आणि ती भरायला ओटीपी लागत नव्हता. सोसायटीला एकदा भरता येत होती, एकदाच. "सुलूमावशीचा टाकू?" ती म्हणाली. मग स्वतःच मान हलवली. "नको. नाथामामा कार्यालयात येऊन टेबल उलटं करेल."

"माझा टाक," मी म्हणालो.

"तुमचा? काका, तुम्ही माझाही फोन उचलत नाही."

हे खरं होतं. अनोळखी नंबर तर मी कधीच उचलत नसे. फोन वाजला की तो थांबेपर्यंत त्याच्याकडे पाहत बसायचं, ही माझी पद्धत. तरी तिने माझाच टाकला.

पौर्णिमा झाली. नारळ वाहिले, बोटी गेल्या. माझ्या आयुष्याचे पुढचे नऊ दिवस त्या फोनने खाल्ले. तो न्हाणीघरात नेला, जेवताना ताटाशेजारी ठेवला. दिवसातून दहा वेळा तो वाजायचा आणि दहाही वेळा मी धडपडत उचलायचो. कोणाला मला कर्ज द्यायचं होतं, कोणाला वसईत फ्लॅट दाखवायचा होता. एका मुलीने विचारलं, "सर, आप इतना हाँफ क्यों रहे हैं?" नऊ दिवसांत एक पुस्तक धड वाचून झालं नाही. नाथाचा राग येत होता, त्याहून जास्त सतराव्या पानाचा, आणि सगळ्यात जास्त माझा.

दहाव्या दिवशी सकाळी साडेदहाला फोन वाजला.

"आप नाथा के कौन?" आवाज शांत होता, मागे वायरलेसची खरखर.

मी कोण? "मी... मैं अर्ज भरनेवाला," मी म्हणालो.

"उनकी बोट से अलर्ट आया है. बोट में पानी. उनका फोन बंद है. बोट सच में बाहर गई है?"

"हो. हाँ. नऊ दिन हुए. सात लोग हैं."

"हमारी बोट को पहुँचने में डेढ़ घंटा लगेगा. पास में उनका कोई साथी है क्या? हम चैनल सोलह पर बुला रहे हैं, कोई जवाब नहीं दे रहा."

सोळावर कोणी उत्तर देणार नव्हतं. हे मला कार्यालयातल्या गप्पांत कळलं होतं. संकटासाठी सोळा नंबर राखलेला असतो, सगळ्यांनी तो ऐकत राहायचा असतो, हे पुस्तिकेत आहे. पण मासळी कुठे लागली ते इतरांना कळू नये म्हणून नाथासारखे बोट चालवणारे तांडेल एखाद्याच सोबत्याबरोबर भलत्याच चॅनलवर बोलतात. तो आकडा घरच्यांशिवाय कोणाला सांगत नाहीत.

"एक मिनट. फोन काटना मत," मी म्हणालो.

वही उघडली. सात आकडे. पुढे कोरा कागद.

मग नाका आठवला. लिफ्टमध्ये रेंज जाते म्हणून मी जिन्याने उतरलो, तीन मजले, एक हात कठड्यावर आणि एक कानाशी. पायात घरातल्या सपाता होत्या. सुलूताई सुके बोंबील मांडून बसल्या होत्या आणि एका बाईंशी घासाघीस चालली होती.

"सुलूताई, नाथाभाऊंचा वायरलेस कुठल्या चॅनलवर असतो?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, कानाला लावलेल्या फोनकडे पाहिलं. काय झालं, असं विचारलं नाही. हात लुगड्याला पुसले आणि फोन माझ्याकडून घेतला.

"बोला," त्या म्हणाल्या. "बहात्तर. बहत्तर नंबर. सेट मीच पुसते, आकडा मला म्हाईत हाय. संगात माजा भाऊ हाय, बबन. बोट हिरवी, वरती पिवला पट्टा. बबनला बोला, सुलू बोलते. तो हातातला टाकून जाईल."

मग फोन मला परत दिला. ती बाई अजून बोंबलांची जुडी हातात धरून उभी होती. "घेऊन जा, बाय," सुलूताई म्हणाल्या, "आज मोजायला माजा हात न्हाय."

नाक्यावर आम्ही दोघं बसून राहिलो, त्या पाटीमागे, मी एका उलट्या क्रेटवर. मला काहीतरी धीर द्यायला हवा होता. एवढंच म्हणालो, "चूक माझी आहे."

"चूक मंग बघू," त्या म्हणाल्या. "फोन वर धरा, रेंज जाईल."

पावणेबाराला फोन आला. बबनची बोट अर्ध्या तासात पोचली होती. बोटीखालच्या पंख्याच्या दांड्याजवळून पाणी आत येत होतं आणि पंप बंद पडला होता. सातही माणसं बबनच्या बोटीवर होती, नाथाची बोट दोराने बांधून ओढत आणत होते. मी हे सांगितलं तेव्हा सुलूताईंनी डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला.

दोन दिवसांनी सोसायटीच्या कार्यालयात नाथा आला. डोळे लाल, आवाज बसलेला. मागोमाग सुलूताई. मला वाटलं, दोन चांगले शब्द बोलेल.

"काका, तुमी माजा चॅनल फोडला," तो म्हणाला. "आता अख्खा बंदर बहात्तरवर कान लावून बसलाय!"

"मी फोडला," सुलूताई म्हणाल्या. "मला बोल ना. बोल!"

नाथा खुर्चीत बसला. मी वही त्याच्यासमोर सरकवली. सात आकड्यांकडे तो पाहत राहिला. मग उरलेले तीन आकडे त्याने स्वतःच सांगितले, एकेक करून, बायकोकडे न पाहता. मी लिहिले. ते तीन आकडे आधीच्या सातांइतके चांगले आले नाहीत.

"हो बाबा, एकदाचे मिळाले," समिधा म्हणाली आणि चटचट बटणं दाबली. "मामा, ओटीपी गेलाय. सांगा."

नाथाने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत तांदूळ, तांदळात फोन. "दोन दिस झाले ठेवलाय," तो म्हणाला. "पेटत न्हाय. सिम पन गेला."

नवीन सिम येईपर्यंत बदल होणार नाही, म्हणजे तोवर नाथाच्या बोटीचा किनाऱ्यावरचा माणूस मीच. बोट दुरुस्तीला वर काढली आहे, एवढाच दिलासा.

ते दोघं गेल्यावर मी यादी काढली. चाळीस नंबर बदलले होते, पण ते बरोबर आहेत हे सांगणारा मीच होतो, आणि माझ्यावर माझा विश्वास राहिलेला नाही. प्रत्येक नंबर लावून बघायचा असं ठरवलं. चाळीस अनोळखी बायकांना फोन करायचे, या कल्पनेनेच दोनदा पाणी प्यायलो. पहिला लागला, दुर्गाबाई म्हणून एका मालकाच्या वहिनीने उचलला. दुसऱ्या नंबरवर एक आजी होत्या, त्यांना मी कोण हे समजावण्यात सहा मिनिटं गेली. पण त्या किनाऱ्यावर होत्या.

तिसरा नंबर संपर्क क्षेत्राच्या बाहेर होता. पुन्हा लावला. बाहेरच.

"समिधा, हा कोणाचा?"

तिने यादीवर वाकून पाहिलं. "हा नीलमचा. पण काका, त्यांच्या घरी एकच बरा फोन आहे. नवऱ्याच्या फोनची बॅटरी टिकत नाही ना, म्हणून या खेपेला तो तिचाच घेऊन गेलाय."

मी त्या नंबरापुढे पेन्सिलने फुली मारली. त्या अर्जावर पर्यायी क्रमांकाची जागा अजून रिकामी होती. मग पायात चपला सरकवल्या आणि नीलमचं घर कुठल्या गल्लीत आहे ते विचारलं.