काजळ्याची साखळी

पवळी मेली तेव्हा साखळी संपतच्या हातात होती, पण साखळीला टायगर नव्हता. सावळेरामानं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून पुढं त्याला कुणी काही समजावू शकलं नाही.

सत्त्याण्णव सालची दिवाळी नुकतीच सरली होती. सावळेराम एस.टी.च्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त होऊन पिंपळवंडीला आला होता आणि सकाळ-संध्याकाळ आपल्या पवळी कुत्रीला घेऊन कालव्यावर फिरणं एवढाच त्याचा नाद होता. संपत मोठा बागायतदार. त्यानं पुण्याहून टायगर नावाचं अल्सेशियन कुत्रं आणलेलं. समोरून पवळी येताना दिसली आणि गंमत बघायला म्हणून त्यानं टायगरच्या पट्ट्याची कडी काढली. दोन मिनिटांत सगळं आटोपलं. सावळेराम पवळीचं डोकं मांडीवर घेऊन मातीत बसला होता, तेव्हा संपत उभ्या उभ्या म्हणाला, "गावठीच व्हती की, भाऊ. दुसरी मिळंल."

पवळीची पिल्लं तेव्हा दीड महिन्याची होती. भुरी नावाची एक मादी शेजारच्या वस्तीवरच्या गोजरबाईनं शेळ्यांच्या राखणीला नेली, बाकीची इकडंतिकडं गेली. एक काळं कुळकुळीत पिल्लू सावळेरामानं ठेवून घेतलं. त्याचं नाव काजळ्या. बयाबाईला वाटलं, बरं झालं, नवऱ्याचं मन रमेल. पण रोज संध्याकाळी टायगर रस्त्यानं जायच्या वेळी सावळेराम पिल्लाला कुंपणाशी नेऊन बसवी आणि त्याच्या कानाशी "छू, छू" करी, तेव्हा ती हातातलं काम टाकून दारात येई.

"त्या मुक्या जिवाला का नासवता?" एकदा ती म्हणाली.

"माझं मी बघतो," सावळेराम म्हणाला.

दीड वर्षात काजळ्या वासराएवढा झाला. मात्र त्याला टायगर आणि इतर कुत्री यांत फरक कळेना. लांबवर शेपटी दिसली की तो अंग ताठ करी आणि झेप घेई. एकदा त्यानं सावळेरामाला कालव्याच्या भरावावरून फरफटत खाली नेलं. गुडघे सोलून निघाले. असं बेभान जनावर ऐन वेळी भलतीकडंच धावेल, हे सावळेरामाच्या ध्यानात आलं. त्यानं मंचरच्या जनावरांच्या डॉक्टरला गाठलं.

"त्याची नजर समोरच्या कुत्र्यावर खिळायच्या आत त्याला वळवा," डॉक्टर म्हणाले. "लांब असतानाच. तुमच्याकडं वळला की भाकरीचा तुकडा द्या. रोज थोडं थोडं अंतर कमी करा. आणि तोवर तोंडाला मुसकं बांधा."

सावळेरामानं ते अक्षरन् अक्षर पाळलं. बैलाच्या मुसक्यावर बेतून चामड्याचं एक मुसकं शिवून घेतलं. खिशात भाकरी घेऊन तो उन्हातान्हात हिंडला, कुत्रं दिसलं की वळला, परत फिरला. सहा महिन्यांत काजळ्या दुसऱ्या कुत्र्याजवळून मान खाली घालून जाऊ लागला. गाव म्हणालं, सावळेराम शहाणा झाला. नवरा हे कुणासाठी करतोय, ते बयाबाई ओळखून होती.

एके सकाळी कालव्यावर समोरून संपत आला. टायगर आता थकला होता, मागचा पाय ओढत चालत होता. सावळेरामानं ते पाहिलं. पाहूनही त्यानं मुसकं सोडलं, कडी काढली आणि म्हणाला, "छू."

काजळ्या गोळीसारखा सुटला. संपत ओरडत मध्ये पडला, त्यानं स्वतःचा दंड काजळ्याच्या तोंडात दिला. रक्ताची धार लागली तरी संपत टायगरच्या अंगावरून हलला नाही. सावळेराम उभ्या उभ्या बघत राहिला. दोन वर्षांत वाटलं नव्हतं इतकं गार त्याला वाटलं. मग त्यानं हाक मारली. काजळ्यानं दंड सोडला, पण त्याच्याकडं न येता तो उसाच्या बाजूनं पसार झाला.

तो सापडला दुपारी, गोजरबाईच्या वस्तीवर. भुरी गोठ्याच्या दारात मरून पडली होती.

गोजरबाईनं आरडाओरडा केला नाही. सावळेराम काजळ्याला घरी घेऊन आला, तशी ती मागोमाग त्याच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"पवळीचीच लेक व्हती ती," ती म्हणाली. "तुझ्या कुत्र्याची सख्खी भन."

"गोजराक्का, चुकलं माझं. दुसरं पिल्लू आणून देतो."

"पिल्लू काय करू? भवताली ऊस हाय. बिबट्या आला तर भुंकणार कोण, तू? हा काजळ्या दे मला. आन् माझ्या वस्तीवर पाय ठेवू नको. तुला बघितलं की तो पुन्हा तसाच व्हईल."

बयाबाईनं आत जाऊन मुसकं आणलं आणि साखळीसकट गोजरबाईच्या हातात दिलं. नवऱ्याला विचारलं नाही. गोजरबाईला भाकरीचं तंत्रही तिनंच सांगितलं. जाताना काजळ्या तीन-चारदा मागं वळला. गोजरबाईनं दर वेळी थांबून त्याला पुढं घेतलं.

सावळेराम फिरायला जात राहिला, एकटाच. भुरीची आठवण निघाली की त्याची मान खाली जाई. टायगरची निघाली की जात नसे.

थंडी सरता सरता संपत त्याला कालव्यावर भेटला. दंडावरचे व्रण अजून लाल होते.

"टायगर गेला परवा," संपत म्हणाला.

"बरं झालं," सावळेराम म्हणाला.

संपत पाठ फिरवून निघून गेला. पुलापलीकडच्या गोजरबाईच्या वस्तीवरून काजळ्याचं भुंकणं ऐकू येत होतं. सावळेराम पुलापर्यंत गेला, आणि पलीकडं न जाता तिथूनच घराकडं वळला.