तांब्याच्या रंगाची चाकं

"काका, हे चाकं भट्टीत कितीक तापवले तुमी?"

टायरवाल्या रोशनने पाना हातात धरूनच विचारलं. त्याच्या दुकानातल्या बाकावर चहा पीत बसलेल्या सदाशिवरावांना वाटलं, रंगाचं कौतुक चाललंय. त्यांना तसं वाटणं साहजिकच होतं. सिंदी मेघ्यात तीस वर्षं ते पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची पूड फवारून ती भट्टीत पक्की करण्याचं काम करत होते, पण सगळी हयात लोखंडी कपाटं, गेटं आणि खिडक्यांचे गज रंगवण्यात गेली. अलॉय चाकांची कामं आत्ता कुठे येऊ लागली होती. हिंगणघाटच्या किराणा व्यापाऱ्याचा मुलगा नीलेश ही चार फोर्ज्ड चाकं घेऊन आला, तेव्हा सोबत फडक्यात गुंडाळून आईचा पूजेचा गडूही घेऊन आला होता. अगदी हाच रंग पाहिजे म्हणाला. सदाशिवरावांनी तीन नमुने स्वतःच नापास केले. चौथा गडूशेजारी ठेवला आणि ते स्वतःवरच खूश झाले. इतका देखणा रंग त्यांच्या हातून कधी उतरला नव्हता, आणि हे ते दोन दिवस भेटेल त्याला ऐकवत होते.

रोशनने त्यांना जवळ बोलावलं. नीलेशच्या गाडीला चारही चाकं चढली होती. त्याने नट आणखी जरासा आवळून दाखवला. ओल्या गुळात बोट जावं तसा नट चाकाच्या अंगात रुतला.

रोशन तीन वर्षं नागपुरात चाकांच्या दुकानात होता. त्याने हळू आवाजात समजावलं. हा धातू दाबून घडवलेला असतो. रंग पक्का करण्यापुरता तापला तर चालतो, त्याहून फार तापला की मऊ पडतो. वरून काही दिसत नाही. रस्त्यावर जोरात एखादा खड्डा लागला की मग दिसतं.

सदाशिवरावांच्या हातातला चहा तसाच राहिला. गेटावरचा जुना रंग घासत कोण बसणार? गेट भट्टीत टाकायचं, भट्टी चारशे अंशांच्या वर न्यायची, रंगाची आपोआप राख होते. लोखंडाचं काही बिघडत नाही. चाकांचा जुना रंगही त्यांनी तसाच जाळला होता. कुणाला विचारावं असं मनातही आलं नव्हतं.

"मी काई बोलत नाई," रोशन म्हणाला. "तुमी पाहा."

एवढ्यात नीलेश आला, सोबत त्याची आई मंदाबाई. मामेबहिणीचं लग्न नागपूरला होतं आणि आधीच उशीर झाला होता. चाकं बघून नीलेशचा चेहरा असा फुलला की सदाशिवरावांना क्षणभर वाटलं, जाऊ द्यावं. एका दिवसात काय होतंय? या विचाराची त्यांना पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. मंदाबाई पुढच्या सीटवर बसून पदर सावरत होत्या. सदाशिवराव गाडीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले आणि चाकं मऊ पडली आहेत, चूक आपली आहे, हे सगळ्यांसमोर सांगितलं. गाडीची जुनी चाकं रोशनच्या दुकानातच होती. ती परत बसवायला तास-दीड तास लागला असता.

नीलेश हसला. आजचा दिवस निभावू द्या, उद्या बघू, म्हणाला आणि गाडी सुरू केली.

"मंग तुह्या आईले उतरव," सदाशिवराव म्हणाले. "त्याईच्या जागेवर मी बसतो. चाल, किती जोरात चालवतं ते चालव."

मंदाबाईंनी एकवार त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, दार उघडलं आणि खाली उतरून बाकावर जाऊन बसल्या. नीलेशने गाडी बंद केली.

जुनी चाकं बसवून गाडी लग्नाला गेली. दुपारी सदाशिवरावांनी, नीलेशला भरपाई कबूल करून ठेवून घेतलेली ती चार चाकं आपल्या शेडमध्ये आणली आणि कटर लावून एकेक चाक मधोमध कापलं. बायको ज्योत्स्ना डबा घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

"एवढे चांगले चाकं काऊन कापून राह्यले?"

"भंगारवाला दुसऱ्याले विकन."

तिने घडलेलं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "याच्या आंदी कितीक केले असे?"

कटर थांबला. असे तीन संच झाले होते. रोहण्याच्या माणसाला फोन लागला, त्याने चाकं काढून ठेवतो म्हणून सांगितलं. गिरडच्या माणसालाही लागला. तो आधी भरपूर शिव्या देऊन मोकळा झाला आणि मग चाकं आणून टाकतो म्हणाला. तिसऱ्याचं नाव सदाशिवरावांनी विचारलंच नव्हतं. कुठला तरी लांबचा होता, घाईत होता, काळा रंग मारून घेतला आणि निघून गेला. गाडी पांढरी होती, मागच्या सीटवर एक लहान मुलगी झोपली होती, एवढंच त्यांना आठवत होतं.

आता सदाशिवराव खुर्ची शेडच्या बाहेर, रस्त्याकडे तोंड करून टाकतात. पांढरी गाडी दिसली की उठून उभे राहतात, तिची चाकं बघतात आणि पुन्हा बसतात.