मिनिटाला एक फोटो

माझी आत्या वेताच्या खुर्च्या विणते. बेचाळीस वर्षं हेच काम. हल्ली सकाळी तिची बोटं आखडतात, म्हणून वाचनालयाचा तीन माणसांचा लांब बाक हे आपलं शेवटचं मोठं काम, असं तिनं स्वतःच जाहीर केलं होतं. बाकाला दहा दिवस लागणार होते. त्याच सुमारास कारागिरी शिकवणाऱ्या एका शाळेला आपल्या दालनात दाखवायला दोन-तीन मिनिटांची फिल्म हवी होती, आणि फोटो काढणं हा माझा धंदा. म्हटलं, घरचीच बाई आहे, काम सोपं जाईल. तिथेच मी फसले.

बेत साधा होता. कॅमेरा स्टँडवर उभा करायचा, त्याला वायरीनं काडेपेटीएवढा टायमर जोडायचा, आणि टायमरनं दर मिनिटाला एकदा कॅमेऱ्याचं बटण दाबायचं. दहा दिवसांचे हजारो फोटो एकापाठोपाठ पळवले, की रिकामा बाक डोळ्यांदेखत भरत जातो; याला टाइम-लॅप्स म्हणतात. मी दिवसभर माझ्या स्टुडिओत आणि कॅमेरा आत्याच्या कामाच्या खोलीत. सकाळी सुरू करायचा, संध्याकाळी येऊन फोटो उतरवून घ्यायचे.

पहिल्या दिवशी संध्याकाळी येऊन पाहते, तो फोटो एक. टायमर बिचारा इमानेइतबारे दर मिनिटाला हाक मारत होता, पण कॅमेऱ्याला अर्धं मिनिट कुणी हात लावला नाही की झोपायची सवय, आणि झोपल्यावर तो ओ देईना. ती झोप मी बंद केली. दुसऱ्या दिवशी चारशे फोटो निघाले, सगळे धूसर. कॅमेरा दर वेळी नव्यानं फोकस शोधत होता आणि त्याला बाकापेक्षा मागचा पडदा जास्त आवडला होता. मग फोकस हातानं लावून लेन्सवर चिकटपट्टी मारली. तिसऱ्या दिवशी आत्याच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, झाडू मारताना स्टँड उचलून बाजूला ठेवला आणि परत "होता तिथंच" आणून ठेवला.

"वीतभर सरकला असेल," काका म्हणाले. "त्यानं काय बाक वाकडा होतोय?"

मी जमिनीवर स्टँडच्या तिन्ही पायांभोवती खडूनं गोल काढले आणि त्या गोलांच्या आसपास कुणी श्वाससुद्धा घ्यायचा नाही असं सांगितलं. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याचंही काही वाटलं नाही.

चौथ्या दिवसापासून गाडी रुळावर आली. रोज संध्याकाळी मी फोटोंची संख्या तपासायची, त्यातले दोन-चार कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर मोठे करून विणीचा डोळा न् डोळा स्पष्ट आलाय ना ते बघायची आणि निर्धास्त घरी जायची. सातवा दिवस संपला तेव्हा दोन तृतीयांश बाक भरला होता. आठव्या दिवशी सकाळी मी सगळे फोटो कॉम्प्युटरवर जोडून पळवून बघितले, आणि कपाळावर हात मारून घेतला.

आत्या हलतच नव्हती. पाठ ताठ, पदर नीट, दोन्ही हात मांडीवर, नजर थेट कॅमेऱ्यात. एकूण एक फोटोत. तिच्या शेजारी बाक आपला आपणच विणला जात होता, जणू भुतानं मनावर घेतलंय.

मी कॉम्प्युटर उचलून तशीच तिच्याकडे गेले. ती वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजत घालत होती. तिनं शांतपणे बघितलं आणि त्यात चूक काय ते विचारलं. टायमरच्या त्या डबीवर सेकंदांचे आकडे उलटे उतरत येतात, ते पाचावर आले की ती हात थांबवून नीट बसत होती. फोटो काढताना हलायचं नसतं, एवढं तिला कळत होतं. दिवसाला चारशे वेळा ती अशी बसली होती. आणि विणलेलं उसवून पुन्हा विणायची सोय नाही. वेत एकदा वाळला की उसवताना तुटतो.

"आत्या, मला तुझे हात हवे होते गं," मी जवळजवळ रडकुंडीला आले. "नुसते हात."

"हात सगळ्यांनाच हवे असतात," ती म्हणाली. "मागे ते पेपरवाले आले होते, आठवतं? तासभर माझ्या बोटांचे फोटो काढले. पेपर मी शेजारणीला दाखवला, तर ती म्हणाली, हे कुणाचे गं हात? आठ दिवस मी तिला सांगत होते, माझे आहेत. तू पण रोज संध्याकाळी येतेस आणि वीण मोठी करून बघतेस. तिच्या शेजारी कोण बसलंय ते तुला आज दिसलं."

माझा राग उतरला नव्हता, पण तो आता कुणावर काढायचा हे कळेना. शेवटी तडजोड झाली. रोज सकाळी आधी तिचा एक फोटो, खिडकीशी बसवून, तिला पसंत पडेपर्यंत. मग तिनं डबीकडे बघायचं नाही. पहिला फोटो पसंत पडायला सव्वा तास लागला. नंतरचे तीन दिवस मात्र तिनं शब्द पाळला.

शाळेच्या मुख्याध्यापिकांनी फिल्म दोनदा बघितली. दोन मिनिटं एक बाई खांबासारखी बसलेली आहे आणि बाक भरतोय, मग एकदम तिचे हात सुटतात. त्यांनी विचारलं, ही कल्पना तुमची? मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मी म्हटलं, नाही, त्यांची.

दालनात आत्या काकांना घेऊन आली. पहिला भाग तिला फार आवडला. शेवटी हात पळायला लागले तसा तिचा चेहरा उतरला.

"एवढी घाई मी कधी केली?" ती म्हणाली. "लोक म्हणतील, बाईनं शेवटी काम उरकलं. हे हळू कर."

मी खुर्ची ओढली आणि टाइम-लॅप्स म्हणजे काय, ते तिला पहिल्यापासून सांगायला बसले.